मागून बसलेली जीप उठवण्याची सोपी पद्धत

लागणारं साहित्य : एक जुनी जीप, एक सपाट जागा, दोन जॅक, दोन भक्कम घोड्या, रिंग पान्यांचा सेट, गोटी पाने, घण, पहार, जुन्या साड्यांची फडकी, आणि "जेवायला किती वाजता येणार?" असं अधूनमधून ओरडून विचारणारं घरातलं एक माणूस. यादीतलं शेवटचं नसेल तर काम हाती घेऊ नये. गाडीखालून उत्तर आलं नाही, तर बघायला कोणीतरी यावं लागतं.

जीप म्हणजे इथे महिंद्राची एमएम ५४० धरली आहे. सीजे ३४०, मेजर, कमांडर ही तिचीच भावंडं. मारुती जिप्सीच्या मालकांनीही वाचायला हरकत नाही, तिलाही चारही चाकांना पाटेच, म्हणजे लीफ स्प्रिंगच, आहेत. बोलेरोवाल्यांनी मागच्या चाकांपुरतं वाचावं. २०२० नंतरच्या थारला मागे कॉइल स्प्रिंग असते; तिच्या मालकांनी हे करमणूक म्हणून वाचावं, पण फार हसू नये. कॉइलही बसते.

पायरी पहिली : गाडी बसली आहे हे मान्य करणे

सगळ्यात अवघड पायरी हीच आहे आणि तिला पाना लागत नाही. जीपमालक आधी म्हणतो, टाकी फुल आहे. मग म्हणतो, स्टेपनी जड आहे. मग म्हणतो, आमच्या इथला रस्ताच जरा चढाचा आहे. रात्री समोरून येणारा प्रत्येक ट्रकवाला डिपर मारतो, कारण जीपचे हेडलाईट रस्ता सोडून वडाच्या शेंड्यावरची वटवाघळं शोधत असतात. तरीही मालक म्हणतो, हल्ली लोकांना संयम राहिलेला नाही.

यावर उपाय मोजपट्टी. गाडी सपाट फरशीवर घ्या, रिकामी करा, चारही टायरांत हवा सारखी भरा. चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर डावीकडे आणि उजवीकडे मोजा आणि भिंतीवर खडूने लिहून ठेवा. तळहातावर लिहू नका, दुपारपर्यंत तळहात दिसणार नाही. मग गुडघ्यावर बसून पाट्यांकडे आडवं बघा. रिकाम्या गाडीच्या चांगल्या पाट्याची दोन्ही टोकं वर आणि पोट खाली असतं. थकलेला पाटा पट्टीने आखल्यासारखा सरळ दिसतो. पोट वर आणि टोकं खाली दिसली तर पाटा थकण्याच्या पलीकडे गेला आहे, आणि चेसिसखालचा रबरी बंप स्टॉप एक तर घासून चकचकीत झालेला असेल किंवा केव्हाच घाटात कुठेतरी पडून गेला असेल.

हे असं का झालं, हे विचारायला आधीच्या मालकाला फोन करू नये. तो म्हणेल, "साहेब, आम्ही फक्त लग्नाकार्याला काढायचो." त्यापेक्षा नंबरप्लेट वाचा. ०९, १० किंवा ११ असेल, म्हणजे कोल्हापूर, सांगली किंवा सातारा, तर गाडीने तरुणपणी वडाप, म्हणजे माणसं कोंबून प्रवासी वाहतूक, केलेलं असण्याची शक्यता धरून चालावं. आरसी बुकात आसनक्षमता काहीही लिहिलेली असो, बाजाराच्या दिवशी ती 'अजून एक बसतोय की' या तत्त्वावर ठरते. शिवाय शेळी मोजत नाहीत.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. लोक म्हणतात पाटे मऊ झाले. पाटे मऊ होत नाहीत. वजन टाकल्यावर पोलाद किती वाकतं, यात वयाने फारसा फरक पडत नाही. बिघडतो तो पाट्याचा मूळ आकार. रॉबर्ट हुकने १६७८ साली नियम छापला की जितका जोर तितकं ताणणं, आणि जोर काढला की वस्तू पूर्ववत. पण हा नियम एका मर्यादेपर्यंतच चालतो. तिच्या पलीकडे वाकवलेलं पोलाद सगळंच परत येत नाही, केसभर वाकलेलंच राहतं. वर्षानुवर्षं भरल्या गाडीने खड्ड्यात आपटत राहिलं की हे केस साठत जातात. म्हणून बसलेली गाडीही पूर्वीइतकीच कडक असते, फक्त तिचा हिशोब खालच्या मजल्यावरून सुरू होतो. आणि चाकाला वर यायला जागाच उरली नसल्याने ती दर खड्ड्याला धाडकन बंप स्टॉपवर आपटते. मालकाला वाटतं पाटे कडक झाले, शेजाऱ्याला वाटतं मऊ झाले, आणि दोघंही छातीठोकपणे सांगत असतात.

पायरी दुसरी : सल्ले ऐकणे

पाटे बदलायचे आहेत हे एकदा तोंडातून बाहेर पडलं की सल्ले आपोआप येतात, त्यासाठी कुठेही जावं लागत नाही.

पहिला सल्ला सार्वत्रिक आहे : "एक जादा पाटा टाका." हा देणारा मिस्त्री मनाने चांगला असतो. गाडी उठतेही. पण ती कडक होते, आणि रिकामी जीप मग स्पीडब्रेकरवर मागच्या माणसाला टपाची पाहणी करायला पाठवते. पाट्याची ताठरता रुंदीच्या सरळ प्रमाणात वाढते, जाडीच्या मात्र घनाने. सगळी मापं तीच ठेवून ६ मिमीच्या पाट्याऐवजी ७ मिमीचा घातला, तर तो जवळपास १.६ पट कडक होतो. डोंगरात तर हे अंगाशीच येतं. दगडावरून जाताना एक चाक वर जावं आणि दुसरं खाली लोंबून जमिनीला टेकलेलं राहावं, एवढ्यासाठी पाट्यांनी वाकायचं असतं. पाटे वाकले नाहीत की चाक हवेत राहतं, आणि डिफरन्शियल ज्या चाकाला काही विरोध नाही त्यालाच इमानेइतबारे फिरवत बसतं. आपण ॲक्सिलरेटर दाबतो, एक चाक आकाशात गरगरतं, आणि मागच्या जिप्सीतले लोक खाली उतरून व्हिडिओ काढतात.

दुसरा सल्ला लांब शॅकलचा, म्हणजे पाट्याचं मागचं टोक चेसिसला जोडणाऱ्या दुव्याचा. शॅकल ५ सेंमी लांब केलं तर गाडी साधारण २.५ सेंमीच उठते, कारण पाट्याचं पुढचं टोक जागेवरच राहतं आणि धुरा मध्ये कुठेतरी असतो. वर हाउसिंगचा कोन बदलतो, प्रोपेलर शाफ्टचे जॉइंट कुरकुरायला लागतात, आणि तुम्ही पुढच्या महिन्यात ते बदलत बसता. शिवाय मूळ उंचीपेक्षा गाडी वर न्यायचा मोह होत असेल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचावं. ते गाडीत मनमानी फेरफार करणाऱ्यांसाठीच आहे.

तिसरा सल्ला देणारा आवाज खाली करून म्हणतो, "पाटे आणि चेसिसच्या मध्ये लाकडी ठोकळा." या माणसाशी मैत्री ठेवावी, गाडीत बसू नये.

चौथा सल्ला मात्र आदराने ऐकण्यासारखा आहे : कमान पाट्याच्या दुकानात नेऊन पाट्यांना नव्याने कमान द्यावी. हमरस्त्याच्या कडेला, पंक्चरवाला आणि चहाची टपरी यांच्या मध्ये हे दुकान असतं. बाहेर ट्रकचे पाटे रचलेले, आत ऐरण, घण आणि घामाने निथळणारा कारागीर. तो पाटा ऐरणीवर आडवा धरतो आणि बोट-दोन बोटांवर घणाचे ठोके घालत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातो. साचा नाही, मोजमाप नाही. एक डोळा मिटून बघतो, आणखी चार ठोके घालतो, आणि डावा-उजवा पाटा एकावर एक ठेवला की मध्ये कागद जाणार नाही. हे बघायला तरी जावंच. नव्या पाट्यांच्या किमतीपुढे खर्चही किरकोळ. पण असे पाटे पुन्हा बसतात, आणि पहिल्यापेक्षा लवकर. कारखान्यात पाटा तापवून वाकवतात, तेलात विझवतात, मग कमी आचेवर पुन्हा तापवून त्याचा ठिसूळपणा काढतात, आणि पुष्कळदा वरून बारीक पोलादी गोळ्यांचा मारा करून पृष्ठभाग घट्ट करतात. रस्त्याकडेच्या घणाला यातलं शेवटचं जमेल, तेही थोडंफार. कोणी गॅसवर लालबुंद करून कमान देत असेल आणि नंतर नीट पाणी देत नसेल, तर तिथून पाटे उचलून निघून यावं.

म्हणून, ऐपत असेल तर नवे पाटे. पुण्यात नाना पेठेत विचारा, दिल्लीला नातेवाईक असेल तर त्याला काश्मिरी गेटला पाठवा, तो परत तुमच्याशी बोलेल याची खात्री नाही. काउंटरवरचा माणूस मान वर न करता विचारेल, "किती पाटी?" नवशिका इथे गळपटतो. जीपची मॉडेलं, वर्षं आणि आधीच्या मिस्त्र्यांचे पराक्रम इतके आहेत की नुसतं 'एमएम ५४०' सांगून भागत नाही. घरून निघण्यापूर्वी पाटे मोजा, रुंदी आणि प्रत्येकाची जाडी मोजा, आणि सेंटर बोल्टपासून पुढच्या डोळ्यापर्यंत आणि मागच्या डोळ्यापर्यंतची अंतरं वेगवेगळी मोजा. ती दोन्ही सारखी असतीलच असं नाही. पाटे जोडीनेच घ्या. एकच बाजू बदलली तर गाडी जन्मभर एका बाजूला झुकून चालेल. बुश, सेंटर बोल्ट आणि यू-बोल्टही नवेच. जुना यू-बोल्ट एकदा ताणून आवळलेला असतो, तो पुन्हा तितक्या भरवशाने धरत नाही. दुकानदार म्हणेल, "यू-बोल्ट जुने चालतील." त्याचे चालतील.

पायरी तिसरी : जुने पाटे काढणे

सर्व्हिस मॅन्युअलमध्ये या पायरीला एक ओळ दिलेली असते : बोल्ट सैल करून पाटा काढून घ्या. ही ओळ लिहिणाऱ्यासमोर नवी गाडी होती.

त्याआधी जीव. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी मोठे दगड लावा. हँडब्रेकवर विसंबू नका. विलीजच्या वंशातल्या जुन्या जीपांचा हँडब्रेक चाकांवर नसतो, ट्रान्सफर केसच्या मागे शाफ्टवरच्या ड्रमवर असतो. मागचं एक चाक उचललं की डिफरन्शियलच्या कृपेने ते मोकळं फिरतं, आणि हँडब्रेक खेचलेला असूनही गाडी निवांत चालू लागते. गिअरमध्ये टाकून ठेवली तरी मध्ये तोच डिफरन्शियल. चेसिसखाली, पाट्याच्या पुढच्या हँगरच्या जरा पुढे, दोन्ही बाजूंना घोड्या लावा. विटा नकोत. पोकळ सिमेंटचे ब्लॉक तर अजिबात नकोत, ते न सांगता एकदम फुटतात. दुसरा जॅक धुऱ्याखाली, नुसता आधाराला, म्हणजे पाट्यांवरचा ताण हवा तेवढा सोडता येतो. चाकं काढून गाडीखालीच आडवी सरकवून ठेवा. सगळंच फसलं तर गाडी त्यांच्यावर बसेल, तुमच्यावर नाही.

एवढं झाल्यावर सगळ्या नटबोल्टांना डिझेल पाजा आणि घरी जा. आजचं काम संपलं. शेजारचे काका विचारतील, "काय झालं?" याचं उत्तर "काही नाही" असं द्यावं. पाटे बदलतोय असं सांगितलं तर ते पट्ट्याची खुर्ची आणून बसतील आणि त्यांच्या फियाटपासून सुरुवात करतील.

पायरी तिसरी, पुढे चालू

शॉकअप खालून मोकळे करा. यू-बोल्टच्या नटांना रिंग पाना लावा, पान्याला पाईप घाला, आणि हात मोकळा जाईल असं बसा. नट एकदम सुटला तर बोटं चेसिसवर आपटतात. सुटला नाही तर ग्राइंडरने कापा. नाहीतरी टाकायचेच आहेत, त्यांच्याशी अर्धा दिवस वाद घालण्यात अर्थ नाही. डोळ्यांवर चष्मा पाहिजे, उन्हाचा नव्हे. पाटे धुऱ्याच्या वर आहेत की खाली हेही आता नीट बघून घ्या, गाड्यागणिक फरक असतो आणि नंतर आठवत नाही.

मग येतो पाट्याच्या डोळ्यातला बोल्ट. नट निघतो. बोल्ट निघत नाही. रबरी बुशाच्या आतली लोखंडी नळी आणि बोल्ट इतक्या वर्षांत गंजून एकजीव झालेले असतात. पाना फिरवला की बोल्ट फिरतो, रबर पीळ खातं. पाना सोडला की बोल्ट सावकाश मूळ जागी परत येतो, संध्याकाळच्या नवऱ्यासारखा. हे पाहून काही लोकांना वाटतं प्रगती होते आहे. नाही.

पायरी तिसरी, पुढचा रविवार

एव्हाना सोसायटीच्या सेक्रेटरींनी पार्किंगबद्दल एक सर्वसाधारण सूचना फलकावर लावलेली असेल. तिच्यात कोणाचंही नाव नसेल.

बोल्टाला घण मारायचा असेल तर नट दोन-चार आट्यांवर चढवून त्यावर मारा, नाहीतर आट्यांचा चेंदा होतो. हलला नाही, तर बुशाच्या दोन्ही बाजूंनी करवतीने किंवा ग्राइंडरने बोल्ट कापून पाटा बोल्टाच्या तुकड्यासकट खाली घ्या. त्यात कमीपणा नाही. गॅस कटिंगवाल्याला बोलावलंच, तर पेट्रोल-डिझेलची टाकी, तिचे पाईप आणि ब्रेकची नळी कुठे आहे ते आधी त्याला बोटाने दाखवा, आणि तुम्ही पाण्याची बादली घेऊन उभे राहा. जळकं रबर जो धूर सोडतं त्याने चौथ्या मजल्यापर्यंतची सगळी बिऱ्हाडं खिडकीत येतात.

फारच जुनी, विलीजच्या घडणीची गाडी असेल आणि शॅकलला रबराऐवजी ग्रीस निप्पलवाले आटे असतील, तर जोर लावण्यापूर्वी थांबा. त्यातले काही आटे उलटे, म्हणजे डावे असतात. गावातला सगळ्यात ताकदवान माणूस बोलावून आपण नट आवळत होतो, हे संध्याकाळी कळलेलं बरं नसतं.

पाटा खाली आला की काका म्हणतील, "उघडून बघू या किती आहेत आत." सेंटर बोल्ट असाच उघडायचा नाही. पाट्यांची कमान वेगवेगळी असते आणि बोल्टाने ती एकमेकांवर दाबून धरलेली असते. नट निघाला की पाटे उसळतात. शिकंज्यात घट्ट धरून हळूहळू सोडायचं, आणि काकांना आधी चहा आणायला पाठवायचं.

पायरी चौथी : नवे पाटे बसवणे

हे अर्ध्या दिवसाचं काम आहे. पाटा उलटसुलट लावू नका. मघाशी मोजलेली अंतरं इथे कामी येतात. पुढचं टोक आधी हँगरमध्ये, मग मागचं शॅकलला. शॅकलचं भोक जुळणार नाही. नव्या पाट्याला कमान जास्त, म्हणून डोळ्यापासून डोळ्यापर्यंत तो आखूड असतो. माप चुकलेलं नाही, दुकानदाराला फोन करू नका. धुरा जॅकने अलगद उचला, पाटा दबला की लांबतो आणि भोक येतं. जुळलं का ते बघायला त्यात बोट घालू नये. बॅटरी दाखवायला कोणाला तरी सांगा, किंवा स्क्रू ड्रायव्हर घाला. बोट घालून बघणारे मिस्त्री असतात, त्यांची बोटं मोजा.

सेंटर बोल्टचं डोकं धुऱ्यावरच्या बैठकीच्या भोकात नेमकं बसलं पाहिजे. बसलं नसेल तर यू-बोल्ट आवळल्यावरही धुरा तिरका राहतो आणि गाडी रस्त्यावर खेकड्याची चाल धरते. यू-बोल्टचे चारही नट आळीपाळीने, तिरपे, थोडे थोडे आवळा; किती जोराने ते तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतं, टॉर्क पाना मागून आणा. डोळ्यांतले आणि शॅकलचे बोल्ट मात्र आत्ता हाताला घट्ट लागतील एवढेच ठेवा. चाकं चढवून, गाडी जमिनीवर उतरवून, वजन पाट्यांवर आल्यावरच ते पक्के आवळायचे. लोंबत्या स्थितीत आवळले तर रबरी बुश कायमचं पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. निम्म्या गॅरेजांत हे पाळलं जात नाही, आणि बुश फाटलं की दोष बुशाच्या कंपनीला मिळतो.

कोणी पाट्यांना जुनं काळं ऑईल फासायचा आग्रह करेल. पाटे एकमेकांवर घासतात, त्या घासण्यानेही गाडीची उसळी थोडी मरते. फार गुळगुळीत करून काही साधत नाही, आणि तेल रबरावर ओघळलं तर ते फुगून सडतं. करकर ऐकू आली तर रेडिओ लावा.

पायरी पाचवी : गाडी उठली

भिंतीवरचा खडूचा आकडा शोधा. तो सोसायटीने रंगवून टाकलेला असेल. तरी गाडी उठलेली नुसत्या डोळ्यांना दिसते. आता गाडीखाली एकदा शेवटचं बघा : ब्रेकची रबरी नळी ताणली गेली आहे का, शॉकअपला पूर्ण लोंबल्यावर लांबी पुरते का, हेडलाईट कुठे पडतात. हेडलाईट आता स्वतःच्याच बंपरसमोरचा डांबर उजळत असतील, कारण कोणीतरी मधल्या काळात ते बसलेल्या गाडीला बेतून खाली केले होते. शंभरेक किलोमीटर चालवून यू-बोल्ट पुन्हा आवळा. नवे पाटे सुरुवातीला जरा बसतात, त्यात काही गैर नाही. आणि पुढचे पाटे मागच्यांच्या मानाने फारच सपाट दिसायला लागले असतील, तर तिकडे आज बघू नका.

राहता राहिले जुने पाटे. भंगारवाला किलोने मागेल, देऊ नका. गावाकडच्या लोहाराला गाडीच्या पाट्यासारखं पोलाद दुसरं मिळत नाही. त्याचे कोयते, कुऱ्हाडी, पहारी, विळ्या तो अनेक वर्षं करत आला आहे, आणि त्याला पाणी द्यायचं कळतं. मधला, गंज कमी लागलेला पाटा त्याला द्या. भेगा पडलेला देऊ नका, धारेत भेग उतरते. घरात सांगून ठेवा की विळी येते आहे. जीपवर आजवर झालेल्या खर्चातला घरच्यांनी मान्य केलेला हा पहिला खर्च असेल, तेव्हा पावती जपून ठेवावी आणि त्यातच यू-बोल्टचे पैसेही घालावेत.